चुकून हेर झालेला माणूस

मराठीत 'मुद्राराक्षस' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ विशाखदत्ताच्या नाटकाचा. दुसरा, छापखान्यात होणाऱ्या चुकीचा आणि ती चूक करणाऱ्या अदृश्य दैत्याचा. नाटकातली मुद्रा म्हणजे अमात्य राक्षसाची नाममुद्रा, त्याच्या बोटातली अंगठी. आपण मात्र मुद्रेचे मुद्रण केले आणि राक्षसाला खिळे जुळवायला बसवले. नियतकालिकांची मुद्रिते तपासण्यात ज्यांची वर्षे गेली आहेत, त्यांना या शब्दातली गंमत समजावून सांगण्याची गरज नाही. मला मात्र या दोन अर्थांमध्ये केवळ कोटी दिसत नाही. हेरगिरीचे कदाचित सर्वांत कसून रचलेले संस्कृत नाटक आणि वाचनात घडणारी चूक यांना एकाच शब्दाखाली आणताना भाषेने काहीतरी ओळखले असावे, असे वाटत राहते.

त्या नाटकात शकटदास नावाचे एक पात्र आहे. तो राक्षसाचा मित्र असला तरी ज्या कारस्थानात तो सापडतो, त्यात त्याचे काम फक्त लेखनिकाचे आहे. चाणक्याला एक पत्र लिहून हवे असते. कोणी कोणाला लिहिले, याचा त्यात उल्लेख नसावा, अशी त्याची अट असते. ते शकटदासाकडून लिहवून घ्यायचे, कारण श्रोत्रियांनी कितीही जपून लिहिले तरी त्यांचे अक्षर लागत नाही, अशी एक मिस्कील टिप्पणीही चाणक्य जाता जाता करतो. सिद्धार्थक मागतो आणि शकटदास लिहून देतो. पुढे त्यावर राक्षसाच्या अंगठीचा शिक्का उमटतो आणि पाचव्या अंकात हेच पत्र मलयकेतूपुढे राक्षसाच्या फितुरीचा पुरावा म्हणून उभे राहते. अक्षर ताडून पाहिले जाते. अक्षर शकटदासाचेच असते. त्यात खोटे काहीच नाही, हीच खोच आहे. एका भल्या माणसाचे सुवाच्य अक्षर त्याला स्वतःला ठाऊक नसलेल्या वाक्यात बसवले गेले. सामान्य माणूस नकळत हेरकथेत ओढला जातो, या कल्पनेचा याहून जुना नमुना माझ्या वाचनात नाही.

विसाव्या शतकाने या कल्पनेला प्रवासाची आणि पाठलागाची जोड दिली. जॉन बकनच्या 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९१५) मध्ये ती अजून गंभीर आहे. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये जाहिरातधंद्यातला एक गृहस्थ तार पाठवण्यासाठी हॉटेलच्या पोऱ्याला हात करतो. नेमका त्या क्षणी तो पोऱ्या 'कॅपलन' या नावाने कोणाला तरी हाका मारत असतो. हात वर झाला, त्या अर्थी हाच कॅपलन. गंमत अशी की कॅपलन नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. गुप्तचर खात्याने तो कागदावर निर्माण केलेला आहे. चिन्हक तयार होते, चिन्हिताची जागा रिकामी होती, एका हाताच्या हालचालीने ती भरली. ग्रॅहम ग्रीनच्या 'अवर मॅन इन हवाना' (१९५८) मध्ये झाडलोटीची विद्युत्यंत्रे विकणारा वर्मोल्ड त्या यंत्राच्या सुट्या भागांची चित्रे गुप्त लष्करी तळाची म्हणून लंडनला पाठवतो आणि लंडनमधले तज्ज्ञ ती गांभीर्याने वाचतात. इव्ह रोबेर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९७२ च्या चित्रपटात तर विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांमधून एक व्हायोलिनवादक निवडला जातो, तो केवळ त्याच्या एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी बूट आहे म्हणून. प्रतिस्पर्धी गट त्या बुटांचा अर्थ लावत बसतो. त्याच्या प्रत्येक वेंधळेपणामागे त्यांना खोल डाव दिसतो.

या तिन्ही कथांमध्ये विनोद नायकाच्या कृतीत फारसा नाही. तो वाचणाऱ्यांच्या तत्परतेत आहे. एकदा माणूस संहिता ठरला की त्याच्या अंगावरचे काहीच निरर्थक उरत नाही. खोकला, उशीर, चुकलेला जिना, सगळ्याला अर्थ चिकटतो. समीक्षेच्या वर्गात ज्याला आपण बारकाईचे वाचन म्हणतो, त्याचे हे विडंबन आहे. कवितेतल्या स्वल्पविरामावर तासभर बोलणाऱ्या आम्हा मंडळींनी त्याला फार मोकळेपणाने हसू नये.

मराठी रहस्यकथेने हा प्रकार जवळजवळ वापरलाच नाही, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद ही मंडळी साहसासाठीच जन्माला आलेली आहेत. सामान्य माणूस या कथांत असतो तो बळी, साक्षीदार किंवा घाबरलेला पहारेकरी म्हणून. चुकून नायक होण्याची मुभा त्याला नाही. आमच्याकडे परकीय हेर ही अनुभवाची बाब नव्हती, हे एक कारण असेल. मात्र चुकीच्या ओळखीची भीती आमच्याकडे भरपूर होती आणि ती दुसरीकडे गेली: सरकारी अधिकाऱ्याकडे आणि घरातल्या संशयाकडे. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'अंमलदार' हे रूपांतर मराठी प्रेक्षकाला परके वाटले नाही, कारण वेष पालटून आलेला तपासणी अधिकारी ही त्याची जुनी धास्ती होती. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव तर स्वतःच्याच घरावर पाळत ठेवतो. एक तसबीर त्याला पुरते. आमची हेरकथा अशी कचेरीत आणि माजघरात घडत आली.

ती बाजारातही घडते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो. घोडेगाव हे माझे आजोळ. नेवासे तालुक्यातले हे गाव नगरहून तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. शनिशिंगणापूर येथून पाच-सहा किलोमीटर. त्या गावातल्या घरांना दारे नसतात, ही ख्याती सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे बिनकुलपाची शाखाही उघडली. बंद दाराशिवाय रहस्यकथा कशी लिहायची, असा प्रश्न मला त्या रस्त्याने जाताना नेहमी पडतो. घोडेगावची ख्याती मात्र जनावरांच्या बाजाराची. शुक्रवारी येथे गाई-म्हशी आणि बैल घेऊन दूरदूरचे व्यापारी उतरतात.

१९९३ मध्ये मी एम. फिल.च्या निमित्ताने बाजारातली भाषा टिपून घेत होतो. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला अशी दातांवरून वय सांगणारी परिभाषा, रंगांची आणि शिंगांच्या वळणांची नावे, खोडी लपवून सांगण्याच्या तऱ्हा, असा तो ऐवज होता. माझे खरे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. सौदा बोलून होत नाही. व्यापारी आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि बोटे दाबून भाव ठरतो. चेहरे निर्विकार. भोवती दहा माणसे उभी असतात, सगळ्यांना सौदा चाललेला दिसतो, आकडा कोणालाच दिसत नाही. धरलेल्या बोटाची किंमत शेकड्यात की हजारात, हे जनावराकडे पाहून दोघांनी मनात समजायचे असते. संकेतव्यवस्था म्हणजे काय, हे सोस्यूरवरच्या टिपणांपेक्षा मला त्या टॉवेलाखाली अधिक नीट कळले.

पहिल्या शुक्रवारी माझ्याकडे कोणी पाहिले नाही. दुसऱ्या शुक्रवारी एका चहावाल्याने पैसे घ्यायला नकार दिला. तिसऱ्या शुक्रवारी मी ज्या दावणीजवळ उभा राही, तिथले बोलणे थांबू लागले. वही, शबनम पिशवी, चश्मा, शहरी बोलणे आणि काहीही विकत न घेणे: एवढ्या सामग्रीवरून बाजाराने निष्कर्ष काढला होता. मी सरकारचा माणूस होतो. कोणत्या खात्याचा, यावर एकमत नव्हते. विक्रीकर म्हणणारे काही होते, तर काहींच्या मते चोरीच्या जनावरांचा माग काढायला साध्या वेषात आलेला पोलीस. मी भाषा गोळा करतो आहे, असे मी ज्याला त्याला सांगत होतो. पण हे उत्तर इतके अविश्वसनीय होते की त्याने संशय पक्का झाला. खऱ्या साहेबाने याहून बरी सबब शोधली नसती, असा त्यांचा तर्क. एका तरुण व्यापाऱ्याने मला कडुनिंबाखाली नेऊन, पलीकडच्या दावणीच्या मालकाकडे बाजार समितीच्या पावत्या नसतात, अशी पक्की खबर दिली. तासाभराने पलीकडच्या मालकाने याच्याबद्दल तेच सांगितले. मी दोन्ही वाक्ये क्रियापदांच्या रूपांसाठी उतरवून घेतली. मी लिहितो आहे, हे पाहून दोघांचेही समाधान झाले.

शेवटी एक वयस्कर हेडी माझ्याजवळ आला. काही न बोलता त्याने माझा हात हातात घेतला, खांद्यावरचा टॉवेल वर टाकला आणि माझी चार बोटे दाबली. एकवार थांबून, पुन्हा दाबली. त्याचा चेहरा आभाळाकडे होता. माझ्यापुढे जनावर नव्हते. सौदा माझा चालला होता. चार म्हणजे चारशे की चार हजार, हे मला आजतागायत कळलेले नाही, कारण ज्या जनावराकडे पाहून ते ठरवायचे ते मीच होतो, आणि माझी किंमत मला ठाऊक नव्हती.

मी हात सोडवून घेण्याच्या खटपटीत असताना मागून गावातल्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आरं, ह्यो तर आपल्या आबांचा नातू! पुण्याला मराठी शिकतोय. ह्याचं काय धरून बसलास?" क्षणभर शांतता झाली आणि मग जो हशा उसळला, त्यात तो हेडीही होता. त्या दिवशीचा चहाही मला फुकट मिळाला, पण आता पाहुणा म्हणून. पुढच्या शुक्रवारपासून मला जे शब्द मिळाले, ते आधीच्या तीन आठवड्यांत मिळाले नव्हते.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षे विनोदी म्हणून सांगत आलो आणि ती विनोदी आहेच. मात्र तिचा घाट तपासताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. बाजाराचा गैरसमज माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने दूर झाला नाही, तो माझ्या आजोबांच्या नावाने दूर झाला. 'हा कोण' याचे उत्तर 'हा अमक्याचा' असे मिळाल्याबरोबर सगळी चिन्हे एका क्षणात निरर्थक झाली. वही नुसती वही उरली. हिचकॉकचा किंवा रोबेरचा नायकही याच अर्थाने सुरक्षित आहे. त्याला आई आहे, नोकरी आहे, मित्र आहेत, पत्ता आहे. चुकीची ओळख त्याच्यावर लादली जाते तेव्हा खरी ओळख मागे कुठेतरी जागची हललेली नसते. प्रेक्षक हसू शकतो तो या भरवशावर.

हा भरवसा कोणाकोणाला लागू होतो, हे पाहण्यासाठी कौटिल्याकडे वळावे लागते. रा. पं. कंगले यांच्या संपादनामुळे 'अर्थशास्त्रा'ची संहिता आपल्याला नीट उपलब्ध आहे. पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांची जी वर्गवारी येते, ती वाचताना प्रथम हसू येते. एका जागी राहून काम करणाऱ्यांत कपटी छात्र, संन्यास सोडलेला उदास्थित, गृहस्थ शेतकरी, व्यापारी आणि तापस. फिरत्यांत सत्री, तीक्ष्ण, रसद आणि परिव्राजिका. शिवाय कुबडे, ठेंगू, मुके, बहिरे, आंधळे, नट, नर्तक, गायक, वादक. म्हणजे गाव आणि गावाबाहेरचे जवळजवळ सगळेच. हेराचा वेष म्हणजे सामान्य माणूस असणे, हे एकदा मान्य केले की प्रत्येक सामान्य माणूस हेराच्या वेषात असतो. हे हेर एकमेकांना ओळखत नसावेत आणि तिघांची वार्ता जुळली की तिच्यावर विश्वास ठेवावा, असेही कौटिल्य सांगतो. घोडेगावच्या बाजारात माझ्याबद्दल तिघांचे जुळलेलेच होते. मुद्दा असा की या यादीतल्या गृहस्थाला आणि व्यापाऱ्याला पुढे इतिहासाने संशयातून मोकळे केले. नट, भिक्षुकी आणि फिरता तापस यांना केले नाही.

मराठी मुलुखातल्या बहुरूपी मंडळींचा, ज्यांना रायरंद असेही म्हणतात, खेळ या जागी आठवतो. पोलिसी पोशाख, छातीवर बिल्ले, हातात छडी अशा थाटात बहुरूपी दारात येतो, घरधन्याच्या नावाचे वॉरंट निघाल्याचे बजावतो, यमकांच्या फैरीत भलभलते गुन्हे वाचून दाखवतो आणि चौकीवर चला म्हणून दरडावतो. घरधनी क्षणभर दचकतो, बाया-पोरे हसू लागतात, मग सुपातून धान्य येते किंवा हातावर नाणी पडतात. सामान्य माणूस चुकून पोलीसकथेत ओढला गेल्याचा हा अस्सल देशी प्रयोग आहे आणि लोकनाट्याच्या अभ्यासात त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असे माझे मत आहे. यात ओढला जाणारा घरवाला असतो आणि ओढणारा बेघर. जो आयुष्यभर चौकीला भ्याला, तो घटकाभर चौकी होतो. शिवकालात बहुरूप्यांनी हेरगिरी केली, अशी परंपरा सांगितली जाते. तिचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, फिरत्या नटाला हेर समजण्याची सवय आपल्याकडे गौरवाच्या रूपानेही टिकून आहे, एवढे तिच्यातून दिसते.

गौरवाची दुसरी बाजू भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी दाखवली. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने (१९८७) कागदावरच्या मुक्तीनंतरचे जगणे मांडले. चुकीच्या ओळखीचा विनोद तिथे संभवत नाही, कारण चूक होण्यासाठी आधी एक बरोबर ओळख असावी लागते. पोलीस दारात येतो तेव्हा 'हा तो नव्हे' असे म्हणणारा कोणी आबांना ओळखणारा म्हातारा गर्दीत नसतो. वाचन आधीच पुरे झालेले असते, माणूस नंतर येतो.

अलीकडची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. २०२३ च्या मे महिन्यात मुंबईत चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीजवळ एक कबुतर सापडले. पायांत कड्या, पंखांवर चिनीसारखी दिसणारी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून आर.सी.एफ. पोलिसांनी ते ताब्यात घेतले आणि परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात ठेवले. तपासाअंती निघाले ते इतकेच, की ते शर्यतीचे कबुतर असून तैवानकडचे आहे. रुग्णालयाने पाठपुरावा केला, पोलिसांनी परवानगी दिली आणि सुमारे आठ महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीअखेर, त्याला सोडून देण्यात आले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी हसत छापली. हसण्यासारखीच ती होती.

दुसरे प्रकरण हेरगिरीचे नाही, पण त्यातले वाचन याच जातीचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. परका पोशाख, झोळी, परक्या वळणाचे बोलणे, काहीही विकत न घेता बाजारात वावरणे, एका लहान मुलीशी बोलणे: चिन्हे एवढीच. माझी शबनम पिशवी आणि त्यांची झोळी यांत वाचनाच्या दृष्टीने फरक नव्हता. दोन्ही बाजार आठवड्याचे, दोन्हीकडे तिघांचे जुळलेले. आपण कोण आहोत, हे सांगण्याचा त्या पाच जणांनी प्रयत्न केला. त्यांच्याजवळ ओळखपत्रेही होती.

कागद होता, नाव होते, पत्ता होता; तो पत्ता सोलापूरकडचा, दूरचा होता. 'मुद्राराक्षसा'त अक्षर खरे असूनही शकटदासाला ते सोडवू शकले नाही, उलट त्यानेच त्याला गुंतवले. निदान विशाखदत्ताने त्याला वधस्थानावरून जिवंत सोडवून आणले होते, तेही चाणक्याच्याच डावाचा भाग म्हणून. नाटकाच्या शिस्तीत ते शक्य होते.

आज बहुरूपी गावात शिरण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलाकडे आपली नोंद करून घेतात, आधारकार्डाची प्रत खिशात बाळगतात. काही वर्षांमागे घोडेगावच्या बाजारातच मी एकाला पाहिले. अंगावर फौजदाराचा पोशाख, कमरेला पट्टा, ओठांवर काजळाच्या मिशा. दावणीजवळच्या व्यापाऱ्याला त्याने वॉरंट बजावण्याचा आव आणला आणि व्यापारी दचकण्याऐवजी त्याला 'कुठला रे तू?' असे विचारू लागला. तेव्हा त्याने यमक अर्ध्यावर सोडले, खोट्या बिल्ल्यामागच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला खरा कागद काढला, तो उलगडून व्यापाऱ्याच्या हातात दिला आणि तो वाचून होईपर्यंत छडी काखेत धरून उभा राहिला. व्यापाऱ्याने कागद दोनदा वाचला, शिक्का उजेडाला धरून पाहिला, परत दिला. मग बहुरूप्याने राहिलेले यमक पुरे केले.